आंदणात गेलेल्या गावचा किल्ला

(माहीम येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



परदेशवारी करून आलेल्या माणसाला बोलायला उभे करणे हा श्रोत्यांच्या सहनशक्तीचा अंत पाहण्याचा प्रकार असतो, याची मला पूर्ण कल्पना आहे. त्याच्याजवळ छायाचित्रे असतात, तिथल्या स्वच्छतेची वर्णने असतात आणि ‘आपल्याकडे हे कधी होणार?’ हा ठरलेला प्रश्न असतो. मी छायाचित्रे आणलेली नाहीत. प्रश्न मात्र आणला आहे, पण तो मला पडलेला नाही. तो माझ्या नऊ वर्षांच्या नातवाने मला विचारला, आणि बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या मला त्याचे उत्तर देता आले नाही. आज तेवढेच सांगण्यासाठी उभा आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये स्लाव या गावी राहतात. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. स्लाव हे लंडनच्या पश्चिमेचे, आपल्या लोकांची मोठी वस्ती असलेले गाव. तिथून विंडसरला जाणारी आगगाडी सहा-सात मिनिटांत पोहोचते. माहीमहून वांद्रे गाठायला लोकलला लागतो त्यापेक्षा थोडाच अधिक वेळ. या विंडसरला इंग्लंडच्या राजघराण्याचा किल्लेवजा राजवाडा आहे. आजही राजघराणे जिथे वास्तव्य करते अशा किल्ल्यांमध्ये तो जगातला सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा मानला जातो. मंगळवार आणि बुधवारी तो पाहुण्यांसाठी बंद असतो. त्यामुळे आम्ही शनिवारी गेलो. पाच जणांची तिकिटे काढताना शंभराहून अधिक पौंड, म्हणजे दहा हजारांहून अधिक रुपये खर्ची पडले. आमच्या सौभाग्यवतींनी तो आकडा मनातल्या मनात रुपयांत बदलला आणि मग किल्ल्याचा एकही दगड बघायचा राहता कामा नये, असा निश्चय करूनच त्या आत शिरल्या.

प्रवेशद्वारापाशी कानाला लावायचे एक यंत्र देतात. त्यावर निरनिराळ्या भाषांत माहिती ऐकता येते. त्यात मराठी नव्हती हे सांगायला नको. मधोमध टेकाडावर गोल बुरूज, त्यावर निशाण, खाली हिरवळ, दारावर लाल डगल्यातला पहारेकरी, आणि डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी हीथ्रोकडे उतरणारे विमान. विमानाचा आवाज एवढा, की यंत्रातला निवेदक मधूनच बुडून जाई. राजालाही हा आवाज चुकत नसणार, हे पाहून विमानतळाच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्या मुंबईकरांना थोडे समाधान वाटायला हरकत नाही.

हा किल्ला बांधला कोणी? नॉर्मंडीहून आलेल्या विल्यमने. १०६६ मध्ये त्याने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर काही वर्षांतच जिंकलेल्या लोकांना धाकात ठेवण्यासाठी थेम्सच्या काठी हे ठाणे उभारले. म्हणजे मूळचा हा परचक्राचा किल्ला. पुढे सिंहासनावर आलेले घराणे जर्मन रक्ताचे. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, जर्मन नाव लोकांना खुपू लागले, तेव्हा राजा पाचवा जॉर्ज याने घराण्याचे नावच बदलले आणि या किल्ल्यावरून ‘विंडसर’ हे आडनाव घेतले. आपल्याकडे गावावरून आडनाव घेण्याची रीत जुनीच आहे. तिथे राजाला ती सुचायला महायुद्ध यावे लागले. हा तपशील थोडा लक्षात ठेवा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आत दालनांमागून दालने आहेत. एका दालनात काचेच्या कपाटात सोन्याने मढवलेले वाघाचे मुख आहे, दात आणि डोळे स्फटिकाचे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा टिपूचे सिंहासन मोडून त्याचे तुकडे करण्यात आले, त्यातला हा एक. टिपूविषयी तुमची-माझी मते काय आहेत हे सर्वांना ठाऊक आहे आणि ती बदलण्याचे मला कारण दिसत नाही. पण त्या कपाटासमोर उभे राहिल्यावर मनात टिपू येत नाही, लूट येते. तिच्या शेजारीपाजारी जगभरातून आणलेल्या अशाच वस्तू आहेत. इथल्याच सेंट जॉर्जच्या प्रार्थनामंदिरात इथिओपियाचा एक राजपुत्र आलेमायेहू पुरलेला आहे. १८६८ मध्ये इंग्रजी फौजेने त्याच्या वडिलांचा पराभव केला, सात वर्षांच्या या पोराला इंग्लंडला आणले आणि अठरा वर्षांचा असताना, १८७९ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्या देशाने त्याचे अवशेष परत मागितले. ‘इतरांच्या थडग्यांना धक्का न लावता ते काढता येणार नाहीत,’ या अर्थाचे उत्तर २०२३ मध्ये राजवाड्याने दिले. वस्तू मागितली तर निदान काही काळासाठी मिळते. साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखे आली, ती तीन वर्षांच्या मुदतीने. माणूस मात्र गेला तो गेला.

पण मला ज्या दालनाविषयी बोलायचे आहे ते याच्या पुढचे. तिथे गर्दी नव्हती. लोक झपाझप पुढे जात होते, कारण पाहण्यासारखे जे होते ते भिंतीवर नव्हते, छतावर होते. मान उंचावली तर वर रंगवलेले आकाश, ढग, देवदूतांसारख्या आकृत्या आणि मध्यभागी एक राजस्त्री. यंत्रातल्या निवेदकाने नाव सांगितले आणि मी जागच्या जागी थांबलो. ब्रागांझाची कॅथरीन!

बत्तीस वर्षे, दरवर्षी, मी हे नाव फळ्यावर लिहीत आलो. पोर्तुगालची राजकन्या, दुसऱ्या चार्ल्सची राणी. १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली. १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा मिळाला. १६६८ मध्ये राजाने ते बेट कंपनीला वार्षिक दहा पौंड खंडाने देऊन टाकले. परीक्षेत हमखास येणारा, दोन गुणांचा प्रश्न. मुले घोकत, मी बरोबरची खूण करीत असे. ती बाई माझ्या लेखी कधी बाई नव्हती, एक कारण होती, मुंबई इंग्रजांकडे जाण्याचे. आणि आता ती वर, हंस जोडलेल्या रथात बसून चालली होती. दोन लागोपाठच्या दालनांच्या छतांवर हीच राणी आहे. व्हेरियो नावाच्या इटालियन चित्रकाराने ही छते रंगवली. चार्ल्सने हे महाल नव्याने सजवायला घेतले ते १६७५ च्या सुमारास, म्हणजे आपल्या रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्या वर्षी.

मी सौ.ला म्हटले, “हिच्या लग्नात आपले माहीम गेले.” ती वर पाहत म्हणाली, “अन् हिला ठाऊक तरी होते का, माहीम कुठे आहे ते?”

तिला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गंमत अशी, की ठाऊक असायला हवे होते त्यांचेही त्यावर एकमत नव्हते. पोर्तुगीजांचे म्हणणे असे, की आंदण दिले ते मुंबईचे बेट. माहीम हे निराळे, ते त्यात धरलेलेच नाही. इंग्रजांचा पहिला अधिकारी हंफ्री कुक याने या वादात वेळ घालवला नाही. त्याने माहीम सरळ ताब्यात घेतले. तेव्हा आपण माहीमकर रीतसर आंदणातसुद्धा गेलेलो नाही. लग्नघरी पाहुण्याने ताटाबरोबर पाटही उचलून न्यावा, तसे गेलो.

हे सगळे मी नातवाला सांगत होतो. ईशान त्याचे नाव. तिकडेच जन्मला, मराठी समजतो आणि आपल्या चालीने बोलतोही. त्याला शाळेत किल्ल्यांवर प्रकल्प होता, म्हणून वही बरोबर होती. त्याने विचारले, “आजोबा, मग माहीमला कॅसल आहे?” मी म्हटले, “आहे की! आपल्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, समुद्राला लागून.” “आतून कसा आहे?”

हाच तो प्रश्न.

बंधूंनो, माझा जन्म माहीमचा. माझे वडील इथेच वाढले. बेस्टच्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरून, पुढची जागा पकडून, कॉजवेवरून जाताना मी तो किल्ला हजार वेळा पाहिला असेल. रायगड मी सात वेळा चढलो. मुलांच्या सहली घेऊन सिंहगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग केले. आणि माहीमच्या किल्ल्याच्या दारातून मी सत्तर वर्षांत एकदाही आत गेलो नव्हतो. मी नातवाला म्हटले, “आत लोक राहतात, म्हणून जाता येत नाही.” तो म्हणाला, “इथेपण राहतात. आपण आलोच ना?”

पुढे सेंट जॉर्ज हॉल नावाचे सुमारे १८० फूट लांबीचे दालन लागते. २० नोव्हेंबर १९९२ रोजी किल्ल्याच्या खासगी प्रार्थनाघरात, पडद्याजवळच्या एका दिव्यामुळे आग लागली. ती पंधरा तास धुमसत होती. शंभराहून अधिक खोल्यांची हानी झाली, या हॉलचे छत कोसळले. नोकरचाकर, सैनिक, राजपुत्र, सगळ्यांनी रांगा करून चित्रे, पुस्तके, सामान हातोहात बाहेर काढले. पुढे मोठा वाद झाला. किल्ल्याचा विमा नव्हता. सरकार म्हणाले, खर्च आम्ही करू. लोक म्हणाले, आमच्या करातून का? शेवटी राणीने लंडनचा बकिंगहॅम राजवाडा १९९३ पासून उन्हाळ्यात तिकीट लावून लोकांना खुला केला आणि बराचसा खर्च त्या तिकिटांतून उभा केला. पाच वर्षांत, तब्बल ३ कोटी ६५ लाख पौंड खर्चून, १९९७ मध्ये काम पुरे झाले. नवे छत ओल्या ओक लाकडाचे, जुन्या सुतारी पद्धतीने सांधलेले आहे. छतावर त्यांच्या मानकरी सरदारांच्या ढाली रंगवल्या आहेत. त्यात मधूनमधून काही ढाली कोऱ्या पांढऱ्या दिसतात. ज्यांनी राजद्रोह केला किंवा ज्यांचा मान काढून घेतला, त्यांची ढाल पुसलेली, पण जागा ठेवलेली. फितुराची जागा मोकळी ठेवून त्याची आठवण जपण्याची ही तऱ्हा मला फार आवडली. आपल्याकडे असे करायचे ठरले तर छत किती पांढरे होईल, हा विचार मी तिथेच सोडून दिला.

त्या छताखाली मला रायगड आठवला. तोही जळाला आहे. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफा समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून धडाडल्या, आग लागली आणि राजवाडा भस्मसात झाला. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. त्यानंतर काय? त्यानंतर सहाच वर्षांनी, १८२४ मध्ये, इंग्रजांनी विंडसरची मोठी पुनर्बांधणी हाती घेतली. आज पाहुणे ज्याला मध्ययुगीन समजून माना डोलावतात त्यातले पुष्कळसे बांधकाम त्या वेळचे आहे. गोल बुरुजाची उंचीसुद्धा तेव्हा वाढवली. आणि रायगडावर गवत वाढत होते. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रजाने छत्रपतींच्या समाधीच्या दुरवस्थेविषयी लिहिले. त्याआधी महात्मा फुले गडावर जाऊन आले होते, त्यांनी महाराजांवर पोवाडा रचला होता. १८९५ मध्ये लोकमान्यांनी ‘केसरी’तून समाधीच्या जीर्णोद्धारासाठी फंड उभारला. आग लागल्यापासून सत्याहत्तर वर्षांनी.

इथे आपले वक्ते सहसा ‘आम्हीच करंटे’ असे म्हणून टाळ्या घेतात. मला ते पटत नाही. घर ज्याच्या ताब्यात असते तो ते शाकारतो. १८१८ ला आपले घरच गेले होते. विंडसर पाच वर्षांत उभे राहिले कारण ज्यांचे होते त्यांच्याकडेच ते होते. तेव्हा १८१८ ते १९४७ या काळाचा हिशेब इंग्रजांच्या नावावर टाकू या. पण १९४७ नंतरचा कोणाच्या नावावर टाकणार? आणि माझ्या सत्तर वर्षांचा?

आमच्याकडे वीस-बावीस वर्षे धुण्याभांड्याला एक बाई येत, हौसाबाई. त्या किल्ल्यात राहत असत. हो, माहीमच्या किल्ल्यातच. तटाच्या आत शेकडो झोपड्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या होत्या. पावसाळ्यात मोठी भरती आली की त्यांना यायला उशीर होई. सांगत, “सर, काल रात्रभर पाणी तटावर आपटत होतं.” मी वर्तमानपत्र वाचत ‘हं’ म्हणत असे. बावीस वर्षांत मी त्यांना एकदाही विचारले नाही, की तट किती जाड आहे, बुरूज किती शाबूत आहेत, आत विहीर आहे का. समोर चहाचा कप घेऊन बसलेली ती बाई त्या वास्तूची माझ्यापेक्षा हजारपटीने अधिक माहितगार होती, आणि इतिहासाचा शिक्षक मी होतो! लहानपणी आई सांगे, “तिकडे जायचं नाही, घाण असते.” मी ते सत्तर वर्षे पाळले. आईच्या इतर किती आज्ञा पाळल्या, ते विचारू नका.

परत आल्यावर पुस्तके काढून बसलो. माहीमचा किल्ला आकाराने लहान, पण जागा मोक्याची. खाडीच्या मुखाशी अलीकडे हा आणि पलीकडे वांद्र्याला १६४० चा पोर्तुगीजांचा किल्ला. दोन्ही मिळून जणू खाडीच्या दाराच्या दोन चौकटी. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर चाल केली तेव्हा माहीम त्याच्या हाती पडले आणि पुढच्या वर्षापर्यंत इंग्रज आपल्या कोटात कोंडून राहिले. नंतरच्या वर्षांत रुस्तमजी दोराबजी या पारशी गृहस्थाने इथल्या कोळ्यांना एकत्र करून सिद्दीच्या लोकांना पिटाळले, असे मुंबईचे जुने इतिहासकार सांगतात.

आणि मग १७३७ ते १७३९. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम आपण सर्वांना पाठ आहे. ठाणे घेतले, साष्टी घेतली, मे १७३९ मध्ये वसई घेतली. पण माहीमच्या काठावर उभे राहून तिचा अर्थ मी कधी लावला नव्हता. मराठे वांद्र्याला येणार म्हटल्यावर इंग्रज इतके धास्तावले, की त्यांनी पोर्तुगीजांना सल्ला दिला, वांद्र्याचा किल्ला पाडून टाका, मराठ्यांच्या हाती लागू देऊ नका. त्याप्रमाणे तो पाडला गेला. आज तिथे उरले आहेत ते त्याचेच अवशेष. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे, या खाडीच्या पलीकडे मराठ्यांचे राज्य होते. माहीमच्या तटावरचा पहारेकरी रात्री डोळ्यांत तेल घालून वांद्र्याकडे पाही ते आपल्या भीतीने. १८४५ मध्ये आवाबाई जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीतून कॉजवे झाला तोवर ही खाडी होडीने ओलांडावी लागे. म्हणजे आपण ज्या पाण्यावरून रोज सकाळी लोकलच्या दांडीला लोंबकळत जातो, ती एके काळी दोन राज्यांची सीमा होती. मी हे वर्गात कधीच सांगितले नाही. पुस्तकात ‘वसई’ होते, ‘माहीम’ नव्हते.

आता आपल्यापैकी काहींच्या मनात एक आक्षेप असेल, आणि तो मनात ठेवू नये म्हणून मीच मांडतो. हा किल्ला आपला कसा? तो पोर्तुगीजांचा, इंग्रजांचा, आपल्यावर पहारा ठेवायला बांधलेला. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आपले बारा किल्ले आले, रायगड, शिवनेरीपासून तामिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. ते आपले. याचे काय एवढे?

म्हणूनच मघाशी म्हटले, विंडसर कोणी बांधला ते लक्षात ठेवा. तो जिंकलेल्या इंग्रजांना दाबून ठेवण्यासाठी एका परक्याने बांधला आणि आज एकही इंग्रज त्याला परका म्हणत नाही. माहीमच्या तटाचे दगड कोणी वाहिले असतील? लिस्बनहून किंवा लंडनहून पाथरवट आले नव्हते. इंग्रजांनी मुंबईच्या रक्षणासाठी भंडाऱ्यांची शिबंदी उभी केली होती, किनाऱ्यावर कोळी होते. हुकूम परक्याचा, पण घाम आणि रक्त इथलेच. आणि त्याहून जुने पाहायचे तर १९२४ मध्ये राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’तला बिंबराजा आहे. त्या बखरीतल्या तपशिलांवर विद्वानांत वाद आहेत, ते असोत. पण या गावाची कथा कॅथरीनच्या लग्नापासून सुरू होत नाही, एवढे तरी ती बखर सांगते. परक्याने आपल्या अंगणात बांधलेली भिंत पाडायची की तिच्या आधाराने वेल चढवायचा, याची मुखत्यारी आता आपल्याकडे आहे. तिच्याकडे न पाहण्याची मुभा मात्र नाही, असे मला वाटते. तुम्हांला वेगळे वाटत असेल तर चहाच्या वेळी जरूर भांडा.

२०२२-२३ च्या सुमारास किल्ल्यातल्या अडीचशेहून अधिक कुटुंबांना महापालिकेने दुसरीकडे घरे देऊन तट मोकळा केला, हे आपण जाणता. वर्तमानपत्रांत आले, ‘किल्ल्याने मोकळा श्वास घेतला’. चांगलेच झाले. त्या दमट अंधारात कोणी हौसेने राहत नव्हते. पण त्याच महिन्यात हौसाबाईंनी आमचे काम सोडले, कारण नवे घर लांबच्या उपनगरात. सौ. चार दिवस नवी बाई शोधत होती. मीही ‘किल्ला सुटला’ म्हणून आनंद व्यक्त केला आणि हौसाबाई किल्ल्यातूनच गेल्या आहेत हे दोन्ही एका वाक्यात कधी जोडले नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ईशान नाताळच्या सुट्टीत आला. आल्या दिवशीच म्हणाला, “आजोबा, तुमचा कॅसल.” मी हौसाबाईंना फोन केला. म्हटले, “नातवाला किल्ला दाखवायचा आहे, आणि मला तो माहीत नाही. तुम्ही याल का?” त्या थोडा वेळ गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “सर, तुम्ही मला शिकवायचं, का मी तुम्हांला?” ठरल्या दिवशी ओहोटीच्या वेळी त्या आल्या, इस्त्रीचे लुगडे नेसून. देवदर्शनाला जावे तशा.

आम्ही आत शिरलो नाही. ओहोटीच्या वाळूवरून, कोळ्यांच्या होड्यांच्या बाजूने, तटाच्या खाली जाऊन उभे राहिलो. समोर सागरी सेतू, उजवीकडे वांद्रे. तटाच्या सांध्यांतून झाडे फुटलेली, खालचे दगड लाटांनी पोखरलेले. विंडसरला कानाला यंत्र लावून जे ऐकले ते तासाभरात विसरायला झाले होते. इथे हौसाबाई बोट दाखवून बोलत होत्या. अमक्या कोपऱ्यावर पाणी आधी आपटते. तमक्या दगडाला भेग पडली ती एका पावसाळ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत. त्या तिथे आतल्या अंगाला त्यांची चूल होती, तटाला टेकून, कारण दगड रात्रभर ऊब धरतो. त्यांची थोरली लेक तिथेच जन्मली. “भिंत लई जाड, सर. दोन खाटा आडव्या टाकल्या तरी पुरायची.” तटाची जाडी मी पुस्तकात शोधत होतो.

ईशानने विचारले, “आजी, इथे राजा राहायचा?”

“नाही रे बाबा. आम्हीच.”

त्याने वहीचे विंडसरनंतरचे पान उघडले. किल्ल्याची आकृती काढली, बुरूज काढले, समुद्राच्या तीन वाकड्या रेघा काढल्या आणि तटाच्या आत एक छोटा चौकोन काढून हौसाबाईंना विचारले, “इथे?” त्यांनी वही हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि चौकोन जरा डावीकडे सरकवायला सांगितला. त्याने खोडरबराने पुसून तो पुन्हा काढला. तोवर पाणी होड्यांच्या तळाशी आले होते. हौसाबाई म्हणाल्या, “चला आता, भरती इथं लवकर चढते,” आणि आम्ही त्यांच्या मागोमाग वाळूवरून परत निघालो.